डोह राखणाऱ्यांची वहिवाट

महाड तालुक्यात, रायगडाच्या परिसरातील डोंगरदऱ्यांतून वाहत येणाऱ्या काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा एक खोल डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचे ठाणे आहे. आणि त्या डोहातले थोराड मासे देवीचे मानले जात असल्यामुळे त्यांच्यावर कोणी जाळे टाकीत नाही की गळ लावीत नाही, उलट दर्शनास आलेला माणूस कुरमुऱ्यांची मूठ पाण्यात सोडून त्यांची झुंबड पाहत घटकाभर तेथेच रेंगाळतो. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे शंकराच्या आश्रयाने हीच प्रथा नांदते. देहूस इंद्रायणीच्या डोहातील माशांना वारकऱ्यांच्या श्रद्धेने असेच अभय दिलेले आहे. आणि कर्नाटकात तुंगेच्या काठी शृंगेरीस गेलेल्या यात्रेकरूलाही हे दृश्य अनोळखी वाटत नाही. ही ठाणी फार जुन्या काळापासून चालत आलेली आहेत. तथापि त्यांची योग्यता केवळ भाविकतेच्या मापाने मोजून, एखाद्या स्मरणिकेत त्यांचे छायाचित्र छापून आपण मोकळे होतो, आणि ज्यांनी हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या राखले त्यांचा त्या पाण्यावर नेमका हक्क कोणता, हा रोकडा प्रश्न मात्र कधी विचारीत नाही, ही माझी तक्रार आहे.

डोहाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी आपल्या नद्यांचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. सह्याद्रीच्या नद्या पावसावर जगणाऱ्या. कार्तिक संपला की त्यांची धार रोडावू लागते, आणि चैत्र-वैशाखात पात्रातले खडक उघडे पडून सलग प्रवाहाचे तुकडे तुकडे होतात. अशा वेळी खडकात खोल गेलेले डोह तेवढे पाणी धरून राहतात, आणि मासे, कासवे, पाणमांजरे, पाण्यावर येणारी पाखरे, इतकेच नव्हे तर रात्री तहान भागवावयास उतरणारी रानातली जनावरे, या सर्वांचे जगणे त्या मोजक्या पाणसाठ्यांभोवती एकवटते. महाशीर हा आपल्या डोंगरी नद्यांतला सर्वांत रुबाबदार मासा. तो सावकाश वाढतो, वयात यावयास काही वर्षे घेतो, आणि पावसाळ्यात पूर चढला की प्रवाहाविरुद्ध वर जाऊन गोटे-वाळूच्या तळावर अंडी घालतो. वैशाखात डोहातले जाणते मासे मारले गेले, तर श्रावणातल्या पुरात वर चढावयास कोणी उरत नाही. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी असते, तिला दुष्काळातही हात लावावयाचा नसतो. नदीच्या संसारात डोहाचे स्थान तेच आहे. १८३९ साली कर्नल साईक्स या मुंबई लष्करातील अधिकाऱ्याने दख्खनच्या या महाशिराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या आसमंतातील मुळा-मुठेच्या पाण्यात मिळालेल्या माशावरून. आज त्याच पाण्यावर त्याच माशाच्या शोधास निघणाऱ्याने आधी नाकाला रुमाल लावावा हे बरे.

गावाने आपणहून राखलेल्या पाण्याचा खरोखरच काही उपयोग होतो काय, अशी शंका घेणाऱ्या वाचकाला मी साल्वीन नदीच्या खोऱ्याकडे बोट दाखवीन. थायलंडच्या सरहद्दीवरील त्या खोऱ्यात करेन लोकांच्या खेड्यांनी आपापल्या हद्दीतील नदीचे लहान लहान टापू मासेमारीस बंद केलेले आहेत. कोणत्याही सरकारी फर्मानाची त्यांनी वाट पाहिली नाही. गावाने बसून नियम केला, दंड ठरविला आणि तो वसूल केला. अशा तेवीस टापूंची पाहणी २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लगतच्या मोकळ्या पाण्याच्या तुलनेत तेथे माशांच्या जाती सव्वापट, संख्या दुपटीहून अधिक, आणि एकूण वजन वीसपटींहून अधिक भरले. ज्या खेड्यांनी पाण्याचा एक तुकडा स्वतःला वर्ज्य केला, त्यांच्याच नदीत मासा टिकून राहिला, असा या आकड्यांचा अर्थ आहे. आणि लहान टापूंच्या बाबतीत तो खरा ठरावा, ही आपल्या कोंडांच्या, म्हणजे डोहांच्या, दृष्टीने विशेष आश्वासनाची गोष्ट होय.

आता आपल्या दप्तरात या गोष्टीला कोठे जागा आहे ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या विसाव्या कलमान्वये नद्या, ओढे, नाले आणि तलाव यांची पात्रे व त्यांतले पाणी ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ साली जी दुरुस्ती झाली, तिने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ नावाची नवी तरतूद आणली, आणि गावकऱ्यांनी स्वखुशीने राखलेल्या जागेला कायद्याचे संरक्षण मिळण्याचा मार्ग मोकळा झाला असे त्या वेळी अनेकांस वाटले. परंतु ती तरतूद खाजगी अथवा सामुदायिक मालकीच्या जमिनीपुरतीच आहे, आणि नदीचे पात्र सरकारी असल्यामुळे, शंभर वर्षे डोह राखणारे गावही त्या डोहाचा ‘समुदाय’ ठरत नाही. सरकारी जागेसाठी ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ हा दुसरा प्रकार आहे. त्याच्या समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे तिघे आणि निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी बसतात. काम सल्ला देण्याचे, तो मानावयाचा की नाही हे मुख्य वन्यजीव रक्षकाने ठरवावयाचे. या समितीत शेती व पशुसंवर्धन खात्यास खुर्ची आहे. नदीत रोज उतरणाऱ्या भोयाला किंवा कोळ्याला नाही. मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रान होते, वाघ होता, हरीण होते; पाणी नव्हते, एवढाच त्यातून निष्कर्ष निघतो.

वनहक्क कायदा, २००६, याची तऱ्हा निराळी आहे. त्याने पाणवठ्यातील माशांवरचा हक्क मान्य केला, सामुदायिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार गावाला दिला, आणि पाचव्या कलमाने वन्यजीव व पाणलोट राखण्याची सत्ता ग्रामसभेच्या हाती सोपविली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली अठराशे हेक्टरांहून अधिक वनावर सामुदायिक हक्काची सनद मिळवून तिचा अंमल कसा करावयाचा हे साऱ्या देशाला दाखविले. पण हा कायदा वनजमिनीच्या हद्दीशी थांबतो. नदी मात्र थांबत नाही; ती रानातून निघून शेतशिवारात येते, तालुक्याच्या गावाला वळसा घालते, कारखान्यांच्या वसाहतीमागून जाते, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर तिचा धनी बदलतो.

एक उदाहरण मात्र आशादायक आहे. सावंतवाडी तालुक्यात आंबोलीजवळ हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचे मंदिर आहे, आणि त्याच्या कुंडात बोटभर लांबीची, तोवर शास्त्राला अज्ञात असलेली एक माशाची जात २०२० साली नोंदली गेली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती सुमारे दोन हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. निर्णय स्तुत्य होता यात संशय नाही. परंतु हा मासा शास्त्रज्ञांच्या हाती लागेपर्यंत जगला कसा? देवळाच्या कुंडात जाळे घालावयाचे नाही या लोकांच्या संकेतामुळेच तो जगला असला पाहिजे. नवी जात सापडली म्हणून सरकारचे लक्ष गेले. जेथे जुन्याच जाती गुण्यागोविंदाने राहतात, त्या कोंडांकडे कोण पाहणार? जैविक विविधता अधिनियम, २००२, याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती नेमावयास आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावयास सांगितले आहे. ही नोंदवही म्हणजे माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी मोठ्या आस्थेने वाढविलेली कल्पना. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मुदत घालून तगादा लावल्यावर ती देशभर इतक्या घाईने उरकण्यात आली की, कित्येक ठिकाणी नोंदवही आहे हे गावाला ठाऊक नाही, आणि गाव कोठे आहे हे नोंदवही लिहिणाराला ठाऊक असेल अशी खात्री देता येत नाही.

राखणाऱ्या गावाचा हक्क न नोंदण्याची दप्तरातली ही उणीव प्रत्यक्ष व्यवहारात काय करते याचा नमुना राजस्थानात अलवर जिल्ह्यात पाहावयास मिळाला. अरवरी ही तेथली कोरडी पडलेली नदी. १९८५ पासून तरुण भारत संघाच्या साह्याने ठाणागाजीच्या मुलखातील खेड्यांनी जुन्या जोहडांची, म्हणजे पाणी अडविणाऱ्या मातीच्या बांधांची, दुरुस्ती केली, नवे बांधले, उगमाकडच्या भावता-कोल्याला येथे डोंगरउतारावरची झाडी राखली, आणि दहा-एक वर्षांत, म्हणजे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या मध्यास, नदी बारमाही वाहू लागली. पाणी आले तसे मासे आले. आणि मासे आले तसा मत्स्यव्यवसाय खात्याचा ठेकेदारही आला. नदी आटली होती तोवर सरकारला तिची आठवण नव्हती. ती लोकांच्या घामाने वाहती झाली, तेव्हा तिच्यातील मासळीचा मक्ता लिलावाने देण्याचा अधिकार आपल्याकडे असल्याचे कचेरीला स्मरले. कायद्याच्या दृष्टीने खात्याचे काही चुकले नव्हते, आणि हेच या प्रसंगातील खरे दुखणे आहे. गावकरी बहुतांशी शाकाहारी; मासळी त्यांना खावयाची नव्हती. आज मासा गेला तर उद्या पाणीही ठेक्याने जाईल, हे ओळखण्याइतके मात्र ते व्यवहारी होते. त्यांनी निकराने विरोध केला, मक्ता रद्द झाला, आणि त्या झगड्यातून सुमारे सत्तर गावांच्या प्रतिनिधींची अरवरी संसद १९९९ च्या सुमारास उभी राहिली. शिकार करू नये, पाणी खाणारी पिके घेऊ नयेत, उपसा किती व कसा करावा, असे नियम तिने केले. मार्च २००० मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन स्वतः त्या मुलखात जाऊन भावता-कोल्याला गावाचा सन्मान करून आले, आणि तरुण भारत संघाचे राजेंद्र सिंह यांना पुढल्या वर्षी मॅगसेसे पारितोषिक मिळाले. एवढे सर्व झाले, तरी त्या संसदेच्या ठरावाला कायद्याच्या पुस्तकात एका ओळीचाही आधार नाही.

येथवर वाचून, खेडे म्हणजे सर्व सद्गुणांचे आगर आणि सरकार म्हणजे सर्व दोषांचे, असा माझा पक्ष आहे असा कोणाचा समज झाला असेल तर तो दूर करणे अवश्य आहे. कोकणात पहिल्या पावसात वळगण लागते, अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यांतून भातखाचरांत चढू लागतात, आणि त्या चढणीच्या माशांवर सारा गाव तुटून पडतो. त्या रात्रींची गंमत आणि त्या कालवणाची चव ज्याला ठाऊक आहे त्याने विणीच्या जिवावर उठण्याच्या पापातील आपला वाटाही कबूल केला पाहिजे. डोहात जिलेटिनची कांडी टाकणारा किंवा ब्लीचिंग पावडर कालवणारा पुष्कळदा शेजारच्या वाडीतलाच असतो. सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्यास या देशात १८९७ च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षांत ती बंदी किती खटल्यांतून दिसली हे फौजदारी दप्तरे पाहणाऱ्यांनी सांगावे. श्रद्धेचे कवचही अभेद्य नाही. दक्षिण कन्नडमध्ये शिशिल येथे कपिला नदीतील देवस्थानचे हजारो मासे १९९६ साली विष कालवून मारण्यात आले.

याहून नाजूक गोष्ट पुढे आहे. देवाच्या नावाने डोह बंद करणे सोपे जाते, कारण बहुधा ज्यांची चूल त्यामुळे मंदावते त्यांना त्या बैठकीत आवाज नसतो. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यातील कातकरी नदीवर जगतो. उन्हाळ्यात मजुरी नसते तेव्हा ओढ्यातले चिंबोरे आणि मासे हाच त्याचा आधार. जमीनदार घरे ठराव करणार, देवस्थान मान घेणार, आणि उपास कातकऱ्याच्या वाट्यास येणार, अशा रक्षणाला लोकांचे रक्षण म्हणावयास माझी लेखणी कचरते. नदीचा एक तुकडा बंद करावयाचा तर उरलेल्या पाण्यातील मासेमारीचा पहिला हक्क त्यांचा, हे त्याच ठरावात लिहिले गेले पाहिजे. राखणदारीचे मानधन द्यावयाचे झाले तर तेही प्रथम त्यांनाच. पाण्याखाली कोणता मासा कोठे आहे हे त्यांच्याइतके कोणाला कळते?

जो त्या जिवाजवळ रोज वावरतो त्याला बरोबर घेतले तरच राखण होते; पूर्व विदर्भातील सारसाची कथा याच सूत्राची आहे. महाराष्ट्रात हा डौलदार पक्षी उरला तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि बाघ यांच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्यांत. अलीकडच्या गणनांत त्याची संख्या तीस-चाळीसच्या आसपास भरते. तो कोणत्याही अभयारण्यात घरटे करीत नाही, शेतकऱ्याच्या उभ्या धानात करतो. शेतकऱ्याने मनात आणले तर एका सकाळी ते घरटे नाहीसे होईल. ते होत नाही, कारण तेथल्या निसर्गप्रेमी मंडळींनी वर्षानुवर्षे त्याच्या बांधावर जाऊन त्याला आपलेसे केले आहे.

खात्यांची प्रवृत्ती मात्र जे आपसूक टिकते ते टिकू द्यावे यापेक्षा, जे नाही ते बाहेरून आणून सोडावे, याकडे अधिक असते. लोणावळ्यास टाटांच्या जलाशयाकाठी १९७० नंतर महाशिराच्या पैदाशीचे नामांकित काम झाले. त्या यशाच्या भरात तेथली पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली, आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर त्यांच्या गर्दीत मागे पडत गेला. २०१८ साली जागतिक यादीत त्याची नोंद विनाशाच्या अगदी उंबरठ्यावरील प्राण्यांत झाली. हेतू शुद्ध होता. पण त्या नदीचे स्वतःचे काय आहे हे त्या नदीकाठच्यांना विचारण्याचा शिरस्ता नव्हता.

आणि शेवटी, गावाने डोह कितीही निष्ठेने राखला, तरी डोहात येणारे पाणी त्याच्या हातात नसते. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस कोणत्याही ग्रामसभेने ठराव करून सोडलेला नाही. वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे केव्हा उघडावयाचे हे पाटबंधारे खाते ठरविते. वाळूचा लिलाव जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत होतो, आणि डोहाला पाणी पोचविणारा, महाशिराला अंडी घालावयास लागणारा तळ ट्रकांत भरून शहराच्या इमारतींना जातो. सांडपाण्याची परवानगी प्रदूषण मंडळ देते. म्हणजे राखणदारी गावाची आणि पाण्याची किल्ली दुसऱ्यांच्या कनवटीला. ही विभागणी जोवर अशीच आहे, तोवर लोकसहभागाची सारी भाषणे म्हणजे गावकऱ्यांना बिनपगारी पहारेकरी नेमण्याची सोय होय, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

कायद्यात बदल फार मोठा लागणार नाही. समुदाय राखीव क्षेत्राच्या कलमात खाजगी व सामुदायिक जमिनीबरोबर ‘वहिवाटीने राखलेले नदीपात्र’ एवढी भर पडली, त्याच्या समितीत मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना निम्म्या जागा मिळाल्या, आणि अशा टापूच्या वरच्या अंगाला वाळूचा ठेका, सांडपाण्याची परवानगी अथवा नव्या बंधाऱ्याचे काम मंजूर करण्यापूर्वी ग्रामसभेची लेखी संमती अनिवार्य झाली, तर बाकीचे काम गावे पाहून घेतील. संसदेला हे आज करता येण्यासारखे आहे. ते होईल तेव्हा होवो. तोवर ज्यांच्या गावाला नदी आहे त्या वाचकांना माझी विनंती आहे की, त्यांनी येत्या ग्रामसभेत आपल्या डोहांची नावे, हद्दी आणि ते राखण्याची जुनी वहिवाट ठरावात लिहून घ्यावी, कातकरी-भोयांच्या हक्काचे कलम त्यात न विसरता घालावे, जैवविविधता नोंदवहीत त्याची नोंद करवावी, आणि वाळूघाटांची यादी निघण्यापूर्वी ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल तहसील कचेरीत दाखल करून तिची पोच घ्यावी.